आज्ञावलींतील नांवें आणि आपली बाराखडी

संगणकाकडून एखादें काम करवून घ्यावयाचें असलें म्हणजे त्या कामाची क्रमवार आज्ञावली त्याला लिहून द्यावी लागते, हें आतां शाळेंतील लहान मुलांसहि ठाऊक झालें आहे. ही आज्ञावली ज्या कृत्रिम भाषेंत लिहावयाची ती संगणकभाषा होय. आणि अशा भाषेंत शब्दांचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गांतील शब्द भाषेच्या कर्त्यानें कायमचे ठरवून टाकलेले असतात. 'जर', 'नाहीं तर', 'जोंपर्यंत' अशा अर्थाचे हे शब्द बहुधा इंग्रजी असून संख्येनें थोडे असतात. सध्यां अनेक शाळांतून व महाविद्यालयांतून शिकविल्या जाणाऱ्या पायथन भाषेंत ते अवघे ३५ आहेत, व थोडा सराव केला कीं इंग्रजी बेताचें येणाऱ्या मुलाच्याहि ते अंगवळणीं पडतात. दुसऱ्या वर्गांतील शब्द मात्र आज्ञावली लिहिणारानें स्वतः योजावयाचे असतात. ज्या ज्या राशीचा, वस्तूचा किंवा कृतीचा पुढें उल्लेख करावयाचा तिला आरंभीं एक नांव द्यावयाचें, व मग त्या नांवानें तिला हांक मारावयाची, अशी रीत आहे. हीं नांवें इंग्रजी अक्षरांतच असलीं पाहिजेत काय, कीं मराठी मुलानें तीं आपल्या बाळबोध अक्षरांत लिहिलीं तरी चालावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भिवंडी हें मागांचें गांव. तेव्हां उदाहरणहि मागाचेंच घेऊं. यंत्रमागावरील विणकराची मजुरी सामान्यतः विणलेल्या कापडाच्या मीटरांवर ठरते. एका आठवड्याचा हिशेब संगणकाकडून करवावयाचा तर तीन नांवें पुरेशीं आहेत, व मुख्य आज्ञा एका ओळीची आहे: मजुरी = दर * मीटर. मधली तारका ही गुणाकाराची खूण. हें वाक्य संगणकाचा गंध नसलेल्या मुकादमासहि वाचतां येईल, व दर चुकीचा धरला असेल तर ती चूक त्याला दाखवितांहि येईल. आतां तेंच वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहूं लागलों कीं दोन वाटा फुटतात. एक वाट अशी कीं शब्द मराठीच ठेवून त्यांना रोमन लिपीचा पेहराव चढवावा. परंतु 'मजुरी' लिहितांना एक जण 'यू' घालील, दुसरा दोन 'ओ' घालील, तिसरा 'जे'च्या जागीं 'झेड' योजील. मनुष्याला हीं तिन्ही रूपें एकच. यंत्राला मात्र तीं तीन निरनिराळीं नांवें वाटतात, आणि पहिल्या रूपांत सांठविलेली रक्कम दुसऱ्या रूपाखालीं शोधतां सांपडत नाहीं. उलटपक्षीं भिन्न शब्द रोमन लिपींत एकरूप होऊन जातात. एम्, ए, जी हीं तीन अक्षरें 'माग' आहेत कीं 'मग'? 'बरा' कोणता व 'बारा' कोणता? 'वाट', 'वात' आणि 'वट' यांचा निवाडा कोणीं करावा? जुन्या मोडी कागदांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसत, त्यामुळें वाचणाराला संदर्भावरून ताडावें लागे. पण वाचणारा मनुष्य होता म्हणून तें निभावलें. यंत्रापाशीं संदर्भ नसतो.

दुसरी वाट म्हणजे शब्दच इंग्रजी योजणें. ज्यांना ती भाषा अवगत आहे त्यांना हें सोपें आहे, व मोठ्या कंपन्यांतील कामाला तेंच योग्यहि होय. परंतु आठवीच्या वर्गांतील ज्या मुलाच्या घरीं ताणा, बाणा, तागा, बीम हेच शब्द दिवसरात्र कानांवर पडतात, त्याला आधीं इंग्रजी प्रतिशब्द शोधावयास लावून मग हिशेबाचा विचार करावयास सांगणें म्हणजे एका ओझ्यावर दुसरें ओझें लादणें होय. आणि कांहीं शब्दांना नेमका प्रतिशब्द नसतोच. 'खाडा' म्हणजे नुसती गैरहजेरी नव्हे. ज्या दिवसाची मजुरी बुडाली तो दिवस, एवढा सगळा अर्थ त्या दोन अक्षरांत आहे. मराठी शब्द योजला म्हणजे सर्व संदिग्धता संपली, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. या कापडाच्या गांवांत 'वार' हें नांव कोणीं दिलें तर तें कापड मोजण्याचें जुनें माप समजावें कीं सोमवार-मंगळवार समजावा, हा घोटाळा उरतोच! शब्द कोणत्याहि लिपींतले असोत, ते निवडण्याची अक्कल लिहिणारालाच आणावी लागते.

इंग्रजी अक्षरांची ही सक्ती कोणी द्वेषबुद्धीनें केलेली नव्हती. फोर्ट्रान ही पहिली सर्वत्र पसरलेली संगणकभाषा १९५७ सालीं अमेरिकेंत निघाली, आणि १९६३ सालीं तेथेंच अक्षरांचे आंकडे ठरविणारा 'ॲस्की' नांवाचा तक्ता मान्य झाला. त्यांत एकंदर जागा १२८ होत्या. इंग्रजीचीं लहानमोठीं अक्षरें, आंकडे, विरामचिन्हें व यंत्रास द्यावयाच्या कांहीं सूचना एवढ्यांनींच त्या पुढें भरून गेल्या. फ्रेंच किंवा जर्मन भाषेंतील टिंबें व टोप्या यांनाहि तेथें आसरा मिळाला नाहीं, मग देवनागरीची गोष्ट कोठली? भारतीय लिप्यांसाठीं आपल्याकडे निराळा तक्ता तयार झाला. 'इस्की' या नांवाचा हा तक्ता १९८८ सालीं निघाला व १९९१ सालीं तो भारतीय मानक म्हणून मंजूर झाला. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाची आहे, हें ओळखून त्यांत क, ख, ग इत्यादि अक्षरांना सर्व लिप्यांत समान जागा दिल्या होत्या. ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. १९९१ सालींच जगांतील सर्व लिप्यांना एकत्र सामावून घेणारा युनिकोड हा महातक्ता प्रसिद्ध झाला, व त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आहे. तेथें एकट्या देवनागरीच्या मुख्य कोष्टकालाच १२८ जागा आहेत. म्हणजे पूर्वीं ज्या जागेंत सगळें जग बसवूं पाहात होते, तेवढी आतां आपल्या एका लिपीस मिळाली.

तक्त्यांत जागा मिळाली म्हणजे आज्ञावलींतील नांवांत प्रवेश मिळालाच असें नाहीं. ती परवानगी प्रत्येक संगणकभाषेच्या कर्त्यांनीं स्वतंत्रपणें द्यावयाची असते. १९९६ सालीं बाहेर पडलेल्या जावा भाषेनें ती प्रथमपासूनच दिली. पायथनमध्यें मात्र बराच वाद झाला. मार्टिन फॉन ल्योविस या जर्मन गृहस्थांनीं २००७ सालीं तसा प्रस्ताव मांडला, त्यावर अनुकूल व प्रतिकूल मतें पडलीं, आणि शेवटीं डिसेंबर २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमध्यें कोणत्याहि लिपींत नांवें देण्याची मुभा झाली. वर दिलेली मजुरीची ओळ आज पायथनमध्यें जशीच्या तशी चालते.

येथें कोणी विचारील कीं, मग आतां उरलें काय? उरलें तें असें, कीं 'अक्षर' म्हणजे काय याचा उलगडा सर्वांनीं सारखा केलेला नाहीं. आणि आमच्या मतें या विषयाचें मर्म येथेंच आहे. युनिकोडमध्यें प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला आहे. क, ख, अ, आ हीं स्वतंत्रपणें उभीं राहणारीं चिन्हें 'अक्षर' या वर्गांत पडतात. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग व हलन्ताचा पाय मोडणारी खूण हीं दुसऱ्याच्या आधारानें राहणारीं चिन्हें 'जोडचिन्ह' या निराळ्या वर्गांत ठेविलीं आहेत. आपण 'कापड' हा तीन अक्षरांचा शब्द समजतों. यंत्राच्या दृष्टीनें तो चार चिन्हांचा आहे: क, काना, प, ड. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधीं दिसली तरी यंत्राच्या पोटांत ती अक्षराच्या नंतरच सांठविलेली असते, ही गोष्टहि विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां गो नांवाच्या भाषेकडे वळूं. ही भाषा गूगल कंपनींत तयार झाली व नोव्हेंबर २००९ मध्यें लोकांपुढें आली. तिच्या तिघां कर्त्यांपैकीं रॉब पाइक व केन थॉम्पसन हे दोघे तेच, ज्यांनीं १९९२ सालीं यूटीएफ-८ ही युनिकोड सांठविण्याची पद्धति शोधून काढली, व जिच्या योगानें आज जगांतील बहुतेक मजकूर इकडून तिकडे जातो. अशा कर्त्यांच्या भाषेंत सर्व लिप्यांचा आदर व्हावा अशी अपेक्षा कोणीहि करील. त्यांनीं नियमहि मोठ्या उदारपणें केला: नांवांत युनिकोडमधील कोणतेंहि अक्षर व कोणताहि अंक चालेल. परंतु जोडचिन्हें त्यांत बसत नाहींत! परिणाम असा झाला कीं गो भाषेंत 'दर' हें नांव चालतें, 'नग' चालतें, 'वजन' चालतें. पण 'मजुरी' चालत नाहीं, 'तागा' चालत नाहीं, 'माग' तर कान्यामुळें उंबऱ्यावरच अडतो. आमच्या आसपासच्या गांवांचीं नांवें घेऊन पाहिलें तर वसई व उरण हीं दोन आंत जातात. ठाणें, कल्याण, शहापूर, मुरबाड, पालघर यांना मज्जाव होतो. आणि भिवंडी या नांवांत तर वेलांट्या दोन व अनुस्वार एक, असे तीन अपराध भरतात.

याहून चमत्कारिक उदाहरण आपल्या गणिताच्या इतिहासांत आहे. अज्ञात राशीला अक्षराचें नांव देण्याची युक्ति आपल्याकडे फार जुनी. भास्कराचार्यांनीं (जन्म १११४) आपल्या बीजगणितांत पहिल्या अव्यक्त राशीस 'यावत्तावत्' म्हणून तिचें संक्षिप्त रूप 'या' घेतलें, व पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक, लोहितक या रंगांचीं नांवें देऊन 'का', 'नी', 'पी', 'लो' असें लिहिलें. व्यक्त संख्येस 'रूप' म्हणून 'रू' ही खूण केली. ह्याच आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापिला. त्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे, व तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १९ व्या शतकांत विद्वानांच्या नजरेस आणला. या, का, नी, पी, लो, रू: यांपैकीं एकहि नांव गो भाषेस मान्य नाहीं, कारण प्रत्येकांत काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार आहे. सुमारें पावणेनऊशें वर्षांपूर्वींचीं बीजगणिताचीं नांवें एकविसाव्या शतकांतील भाषेला चालूं नयेत, यांत त्या नांवांचा दोष कोणता?

नियम करणारांची बाजूहि सांगणें न्यायाचें होईल. युरोपांतील लिप्यांत कांहीं अक्षरांवर टिंब किंवा तिरपी रेघ असते. असें अक्षर युनिकोडमध्यें दोन रीतींनीं लिहितां येतें: रेघेसकट एकच चिन्ह म्हणून, किंवा साधें अक्षर व त्यापुढें रेघेचें जोडचिन्ह अशीं दोन चिन्हें मिळून. दिसावयास दोन्ही सारखीं, पण आंतून भिन्न; त्यामुळें एकाच नांवाचीं दोन होऊन घोटाळा माजतो. जोडचिन्हेंच नाकारलीं कीं हा घोटाळा मुळांतच खुंटतो, व युरोपियनांचें कांहीं अडत नाहीं, कारण त्यांच्या नेहमींच्या अक्षरांचीं अखंड रूपें तक्त्यांत आहेतच. आमच्या बाराखडीला अशीं अखंड रूपें नाहींत. त्यांची जोडचिन्हें अक्षराचा अलंकार आहेत. आमची जोडचिन्हें शब्दाचे स्वरच आहेत. एवढा भेद एका साध्या नियमांत वाहून गेला. गो भाषेच्या कर्त्यांनीं आपल्या प्रश्नोत्तरांच्या पानावर देवनागरीचें नांव घेऊन ही उणीव मान्य केली आहे, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. नियम मात्र तोच आहे.

भिवंडींत हा भेद विशेष ठळकपणें दिसावा असा योग आहे. येथें मराठीच्या शेजारीं उर्दू नांदते, आणि तेलंगणांतून विणकामासाठीं आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगुहि नांदते. माग ही वस्तु तिघांची एकच. उर्दूंत ती 'करघा' म्हणून लिहिली तर काफ, रे, गाफ, दोचश्मी हे व अलिफ अशीं पांच अक्षरें होतात; त्यांत शेवटचा आकार दाखविणारा अलिफ हें स्वतंत्र अक्षरच आहे व ऱ्हस्व अकार लिहावाच लागत नाहीं, म्हणून उर्दू नांव गो भाषेंत सुखरूप चालतें. तेलुगूंतील 'मग्गं' मात्र जोडाक्षरामुळें व अनुस्वारामुळें मराठी 'मागा'च्याच पंक्तीस बसतें. एकाच गल्लींतील तिघां मुलांपैकीं एकाची भाषा आंत व दोघांच्या बाहेर, हा निकाल कोणी जाणूनबुजून दिला नाहीं. अक्षराची व्याख्या करतांना ब्राह्मी कुळांतील लिप्यांचा विचार राहून गेला, इतकेंच. शिवाय गो भाषेंत दुसरीहि एक अट आहे. एका भागांतील नांव दुसऱ्या भागांस दिसावें असें वाटल्यास त्याचें पहिलें अक्षर मोठ्या लिपींतील असावें लागतें. उर्दूंत, तेलुगूंत व मराठींत मोठीं-लहान अक्षरें नसतातच; तेव्हां 'दर' आंत आला तरी घराबाहेर पडण्याची सोय त्याला नाहीं. त्याच्यापुढें एखादें इंग्रजी मोठें अक्षर चिकटवून लोक वेळ मारून नेतात.

योग्य मार्ग ठाऊक नाहीं असेंहि नाहीं. युनिकोड संस्थेनेंच नांवांसाठीं एक नियमावली तयार केली आहे. तिचा सारांश असा: नांवाचा आरंभ स्वतंत्र अक्षरानें व्हावा, आणि पुढें अक्षर, अंक किंवा जोडचिन्ह यांपैकीं कांहींहि यावें. काना शब्दाच्या आरंभीं येत नाहीं हें आपल्या पहिलींतल्या मुलालाहि कळतें, व तेवढ्यानेंच काम भागतें. दोन रूपांचा घोटाळा टाळण्यासाठीं नांव वाचतांच यंत्रानें त्याचें एक ठराविक रूप करून घ्यावें. पायथन तसेंच करते. रस्ट या भाषेनेंहि २०२१ सालीं हाच मार्ग धरून परवानगी दिली.

आतां आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप फसवणुकीचा. रशियन लिपींतील एक अक्षर व इंग्रजी 'ए' छापल्यावर हुबेहूब सारखीं दिसतात. एखाद्या लबाडानें एकाच्या जागीं दुसरें घालून भलतेंच नांव खरें म्हणून खपविलें तर? ही भीति खोटी नव्हे. परंतु रस्टमध्यें अशीं सारखीं दिसणारीं नांवें आढळतांच यंत्र स्वतः इशारा देतें. चोर शिरेल म्हणून दारच बांधून काढण्यापेक्षां राखणदार ठेवणें बरें. शिवाय २०२१ च्या नोव्हेंबरांत केंब्रिज विद्यापीठांतील निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनीं एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. उर्दू किंवा अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे दाखविण्यासाठीं युनिकोडमध्यें कांहीं अदृश्य चिन्हें आहेत. तीं आज्ञावलींतील टीपांत लपविलीं तर वाचणाराला ओळींचा क्रम एक दिसतो व यंत्राला दुसराच. ह्या युक्तीला एकहि परकें नांव लागत नाहीं. सर्व नांवें इंग्रजी ठेवूनहि फसवणूक होते, तेव्हां नांवांवरील बंदी हा त्यावरील उपाय नव्हे, हें उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. मराठींत लिहिलेली आज्ञावली पोलंडांतील किंवा जपानांतील मनुष्यानें कशी वाचावी? आणि पोलंड कशाला, भिवंडींतील एखाद्या गोदामाच्या कचेरींत शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या तेलुगु किंवा उर्दू भाषिकानें ती कशी दुरुस्त करावी? या प्रश्नाला आमच्यापाशीं सोपें उत्तर नाहीं. जेथें अनेक भाषांचे लोक एका आज्ञावलीवर काम करतात, तेथें इंग्रजी नांवेंच सोयीचीं, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. पायथनच्या मंडळींनींहि आपल्या अधिकृत ग्रंथालयापुरता नियम असाच ठेविला आहे: जें जगासाठीं आहे त्यांतील नांवें साध्या इंग्रजी अक्षरांत असलीं पाहिजेत. परंतु प्रत्येक आज्ञावली जगासाठीं नसते. शाळेंतील अभ्यास, एका कारखान्याचा साप्ताहिक हिशेब, ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीची यादी, हीं ज्यांनीं वाचावयाचीं ते सर्व मराठी जाणणारे असतील, तर तेथें इंग्रजीचा आग्रह धरून कोणाचें हित होतें? आपल्या पूर्वजांनीं ग्रंथ बाळबोधींत छापिले व रोजचा जमाखर्च मोडींत लिहिला. काम पाहून लिपी निवडण्याची संवय आपल्याला नवी नाहीं. भाषेच्या कर्त्यानें परवानगी द्यावी, वापर करणें न करणें लिहिणारावर सोपवावें. परवानगीच नसेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाहीं.

मातृभाषेनें शिकणें खरोखर सुलभ होतें काय, याचीहि पाहणी झालेली आहे. मुलांसाठीं केलेल्या स्क्रॅच नांवाच्या साधनांत आज्ञांचे ठोकळे निरनिराळ्या भाषांत मिळतात. सायमिंदु दासगुप्त व बेंजामिन माको हिल या संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें आढळलें कीं, आपल्या देशाच्या मुख्य भाषेंत ठोकळे वापरणारे नवशिके, त्याच देशांतील पण इंग्रजींत वापरणाऱ्या नवशिक्यांपेक्षां, नव्या कल्पना अधिक त्वरेनें वापरूं लागतात. ही पाहणी आज्ञांच्या शब्दांविषयीं होती, नांवांविषयीं नव्हती. म्हणून तिचा आधार बेतानेंच घ्यावा. तरी तिची दिशा कोणीकडे आहे हें दिसतेंच.

ज्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं पायथनपासून आरंभ करावा, व चार गोष्टी सांभाळाव्या. पहिली विसर्गाची. पायथनमध्यें 'जर' अर्थाच्या ओळीच्या शेवटीं दोन टिंबें द्यावीं लागतात, व आपला विसर्ग दिसावयास अगदीं तसाच असतो. 'दर' नंतर चुकून विसर्ग पडला तर यंत्र तें सगळें मिळून एकच नांव समजतें, आणि टिंबें कोठें आहेत म्हणून तक्रार करतें. टिंबें तर डोळ्यांसमोर दिसत असतात! सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा विसर्ग नेमका त्या कळीवर आहे, जिच्यावर इंग्रजींत दोन शब्द जोडणारी खालची रेघ असते. त्यामुळें 'एकूण' व 'मजुरी' हे शब्द रेघेनें जोडूं जातां मध्यें विसर्ग येऊन बसतो.

दुसरी गोष्ट खास मराठीची आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील. हा भेद दाखविणारा अर्धा र हिंदीवाल्यांना लागत नाहीं, आपल्याला पदोपदीं लागतो. 'फेऱ्या', 'दोऱ्या' असे शब्द दोन प्रकारें टंकित होतात: एक नुक्त्याच्या 'ऱ' पासून, व दुसरा साध्या 'र' पुढें एक अदृश्य जोडणी घालून. पहिला पायथनला मान्य आहे. दुसऱ्या प्रकारांतील अदृश्य चिन्ह ती नाकारते. जावास्क्रिप्ट भाषेंत दोन्ही चालतात, पण त्यामुळें 'फेऱ्या' नांवाच्या दोन भिन्न राशी तयार होतात, व पडद्यावर त्यांत तिळाएवढाहि फरक दिसत नाहीं. पायथनचा नकार हाच येथें बरा.

तिसरी गोष्ट कळफलक पुन्हां पुन्हां बदलण्याची. आज्ञा इंग्रजी व नांवें मराठी, त्यामुळें प्रत्येक ओळींत दोनचार वेळां इकडून तिकडे जावें लागतें. हा त्रास खरा आहे, व सरावानें तो कमी होतो एवढेंच म्हणतां येईल. इंग्रजी अक्षरें समान रुंदीचीं असल्यानें ओळी एकाखालीं एक नीट बसतात. आपलीं अक्षरें अरुंद-रुंद असल्यानें त्या सरकतात, हेंहि पुस्ती म्हणून सांगून ठेवतों.

चौथी गोष्ट आंकड्यांची. नांवांत देवनागरी अंक चालतात, पण 'माग१' हें नांव व त्याच शब्दापुढें इंग्रजी एक लिहून केलेलें नांव हीं दोन निराळीं समजलीं जातात. आज्ञावलींत प्रत्यक्ष संख्या लिहावयाची असेल तर ती इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. मात्र वापरणारानें बाहेरून '१२५' असें देवनागरींत टंकून दिलें व तें पूर्णांकांत बदलावयास सांगितलें, तर पायथन तें बिनतक्रार समजून घेते व मजुरी बरोबर काढून देते.